आषाढातले लंगोट

आपण कर्जत-खालापूरचा पाऊस अनुभवला आहे काय? घाटाच्या पायथ्याशी ढग अडतात आणि दोन दोन दिवस दोरीवरचे कापड वाळत नाही. अशाच एका आषाढात माझी मुलगी जन्मली. बाळंतविड्यातले नवे लंगोट देखणे होते. पण त्यांतली खळ गेली नव्हती, त्यामुळे ओल टिपली जात नसे. स्टेशनजवळ डायपर मिळत, परंतु ते आमच्या महिन्याच्या हिशेबात बसत नव्हते. बाळाचे पहिले वस्त्र जुनेच असावे, असे वडीलधारी माणसे म्हणत. तो भाबडेपणा आहे, असे मी समजत होते.

शेवटी आईचे नऊवारी लुगडे काढले. ती जाऊन वर्ष झाले होते आणि ट्रंकेत तेवढेच उरले होते. कात्री हातात घेऊन मी किती वेळ बसले, ते सांगत नाही. काठ टोचतो, म्हणून तो आधी उतरवला. विरलेला भाग वगळून हातभर लांबीरुंदीचे २४ चौकोन निघाले. प्रत्येक कर्णावर दुमडला, टोकांना त्याच कापडाचे बंद लावले. पहिल्या लंगोटाची शिवण आत राहिली. सकाळी बाळाच्या मांडीवर लाल रेघ दिसली. उसवून शिवण बाहेर घेतली.

दोनच पदर असल्याने ते चुलीवरच्या दांडीवर रात्रीत वाळत. धुराचा वास येई, इतकेच.

काठाची पट्टी अजून ट्रंकेत आहे.