बोसाल

कॅलिफोर्नियातल्या जुन्या वळणाच्या तबेल्यात चांदीनं मढवलेल्या लगामांच्या रांगेत हा साधा गडी खुंटीला लटकलेला असतो. कच्च्या कातड्याच्या बारीक पट्ट्या घट्ट विणून केलेलं, थेंबाच्या आकाराचं एक कडं. वर नाकावर टेकणारी जाड वीण, दोन्ही गालांवरून उतरणाऱ्या बाजू आणि हनुवटीखाली त्या एकत्र येतात तिथं एक टणक, वजनदार गाठ. याच्या अंगात लोखंडाचा तुकडा नसतो आणि घोड्याच्या तोंडात हा काहीही घालत नाही. आपल्याकडच्या जनावराच्या म्होरकीचा हा दूरचा भाऊबंद शोभेल. फरक एवढाच की म्होरकी जनावराला बांधून ठेवते आणि हा घोड्याला विचार करायला शिकवतो.

घराणं जुनं आहे. स्पेनमधून मेक्सिकोत आणि 1769 पासून स्पॅनिश मिशनांबरोबर कॅलिफोर्नियात, असा त्याचा प्रवास. तिथल्या मोकळ्या कुरणांवर हजारो गुरं राखणारे घोडेस्वार, म्हणजे वाकेरो, हे त्याचे खरे धनी. वाकेरोच्या उजव्या हातात गुरं पकडायचा लांब फास असे. त्यामुळे घोडा डाव्या हाताच्या दोन बोटांवर वळावा, थांबावा, मागे सरावा, ही चैन नव्हती, पोटापाण्याची गरज होती. असा घोडा घडवायला वर्षं लागत, आणि त्या वर्षांतला पहिला गुरू बोसाल.

पहिला मान त्याला का, याचं कारण घोड्याच्या तोंडात आहे. साधारण अडीच ते पाच वर्षं या वयात घोड्याचे दुधाचे दात पडून कायमचे येतात. हिरड्या हुळहुळ्या असतात. नेमकं हेच वय शिक्षणाचं. अशा तोंडात लोखंडी दांडी कोंबली तर घोडा शिकतो ते दुखणं चुकवायला: मान झटकायला, तोंड उघडायला, दांडी दातात धरायला. बोसाल नाकाच्या हाडावर बसतो, मऊ कूर्चेच्या वर, आणि तोंडाला हातही लावत नाही.

त्याची जोडीदारीण म्हणजे मेकाते, घोड्याच्याच केसांचा पिळलेला दोर, बहुधा 22 फूट लांब. खालच्या गाठीच्या वर तिचे वेढे देतात. त्यातूनच लगाम निघतो आणि उरलेल्या टोकानं घोडा हाती धरून चालवता येतो. वेढे कमी-जास्त केले की बोसाल त्या घोड्याच्या मापाचा होतो. आयाळीच्या केसांची मेकाते मऊ, शेपटीच्या केसांची खरखरीत. तिचं किंचित टोचणंही उपयोगाचं असतं.

आता त्याचं काम जवळून पाहा. स्वार डावीकडे वळू पाहतोय. आधी त्याची नजर वळते, बैठक हलकेच बदलते, पोटरी बोलते. मग हात थोडा उचलला जातो. मेकातेचे केस मानेला लागतात, खालची गाठ जराशी हलते. एवढ्यावर घोडा वळला तर नाकावर दाब येतच नाही. नाहीच वळला, तर डावा लगाम बाजूला उघडतो आणि नाकावर क्षणभर दाब येतो. घोड्यानं नाक डावीकडे दिलं, नुसतं वजन जरी तिकडे टाकलं, की हात त्याच क्षणी सैल. हात सुटला की गाठ आपल्या वजनानं खाली येते आणि सगळा साज जबड्यापासून मोकळा होतो. घोडा शिकतो तो या मोकळेपणातून. दाब हा फक्त प्रश्न. उत्तर बरोबर आलं हे त्याला सुटकेतून कळतं. चार-सहा महिन्यांत चांगला घोडा दाबाची वाट पाहणंच सोडतो आणि गाठ हलली की उत्तर देतो. घोडा हलका झाला म्हणतात ते हेच.

स्वभावानं बोसाल शांत आहे, पण त्याला फसवता येत नाही. दोन्ही लगाम एकदम धरून ओढत राहणारा स्वार त्याच्यापुढे उघडा पडतो. मालकाशी चारशे-पाचशे किलोंचं जनावर रस्सीखेच खेळायला लागलं तर जिंकणार कोण, हे सांगायला नको. घोडा नाकावर रेलतो, त्याचं नाक बधिर होतं, आणि मग लोक म्हणतात, बोसालमध्ये दम नाही. खरं पाहता दम त्या हातात नसतो. एका बाजूनं मागा, मिळताच सोडा, पुन्हा मागा: बोसालला एवढीच भाषा येते, आणि ती धसमुसळ्या माणसाला जमत नाही.

मोठेपण त्याच्या निवृत्तीत दिसतं. घोडा तयार झाला की त्याच्या जागी बारीक बोसाल येतो आणि सोबत तोंडात दांडी. सुरुवातीला दांडी नुसती बसलेली असते, बोलणं बोसालचंच चालतं. मग हळूहळू सगळा संवाद दांडीकडे जातो. याला दोन लगामांचा काळ म्हणतात. शेवटी घोडा स्पेड बिट नावाच्या दांडीवर एका हातानं चालतो. हे बिट अडाणी हातात क्रूर ठरू शकतं, आणि म्हणूनच ते शेवटी येतं. तेव्हाही पेन्सिलीएवढ्या जाडीचा एक बोसाल लगामाखाली राहतो. जाणकाराला त्यावरून कळतं, हा घोडा रीतसर पायऱ्या चढून आलाय.

ही विद्या मरू दिली नाही ती माणसांनी. लुईस ओर्तेगा या कॅलिफोर्नियाच्या कारागिरानं कच्च्या कातड्याची वीण कलेच्या पातळीवर नेली. 1986 मध्ये अमेरिकेनं त्याला राष्ट्रीय वारसा पुरस्कार दिला. एड कॉनेलनं 1952 च्या 'हॅकमोर रेन्समन' या पुस्तकात वाकेरोंची रीत लिहून ठेवली. टॉम डोरन्स आणि रे हंट या घोडे शिकवणाऱ्यांनी घोड्याच्या बाजूनं विचार करायला एक अख्खी पिढी शिकवली. आजही वेस्टर्न पद्धतीच्या गुरं हाकण्याच्या स्पर्धांत बोसालवरच्या घोड्यांसाठी स्वतंत्र गट असतो.

बाजारात पोलादी तारेच्या गाभ्याचे स्वस्त बोसाल मिळतात. ते घ्यायचे नाहीत. ते घोड्याच्या चेहऱ्याचा आकार घेत नाहीत, आणि या गड्याचा सगळा जीव त्या लवचीकपणात आहे. आणि तुमच्या हाती खरा बोसाल आलाच, तर घोड्याला घालण्याआधी आपला हात तपासा. ओढायला कोणालाही येतं. तुमचा हात नेमक्या क्षणी सुटत असेल, तरच तुमचा घोडा हलका होईल.