पडदे काढताना

करुण रसाविषयी विचारलेल्या प्रश्नाला आमच्यापैकी एकाने भर वर्गात कर्णाच्या रथाविषयी दहा मिनिटे उत्तर दिले, तिथून या खरेदीची सुरुवात झाली. प्रश्न विचारणारी मुलगी शेवटच्या बाकावर होती, डोक्यावर पंखा कुरकुरत होता, आणि 'करुण रस' ही पाच अक्षरे 'कर्णरथ' होऊन कानी आली. भूमीने चाक गिळल्याचे वर्णन वर्गाने निमूटपणे वहीत उतरवून घेतले; मराठीच्या तासाला विषयांतराची सवय विद्यार्थ्यांना असतेच. त्याच वेळी शेजारच्या वर्गात प्रयोगविचार शिकवणाऱ्या दुसरीला ही वार्ता मधल्या सुट्टीत शिपायाकडून कळली. कर्ण म्हणजेच कान, हे मात्र आम्हां दोघा मराठीच्या एम. ए.ना रात्री जेवताना सुचले, आणि हसता हसता आम्ही एकदम गप्प झालो.

पुढच्या आठवड्यात कानांची तपासणी झाली. तपासणीच्या आलेखात डावीकडे २५० हर्ट्झ आणि उजवीकडे ८००० हर्ट्झ अशी खूण असते. आमची रेघ निम्म्यापर्यंत सरळ चालली होती आणि तिथून घाट उतरावा तशी खाली गेली होती. डॉक्टरांनी समजावले की स्वर खालच्या पट्टीत राहतात, म्हणून ते ऐकू येतात. स, श, थ, फ यांची वस्ती मात्र त्या उतारावर आहे. रस आणि रथ यांत फरक कशाने पडतो, हे भाषाविज्ञानाच्या पेपरात आम्ही दोघांनीही लिहिले होते. त्याचा प्रत्यय चाळिशीच्या उत्तरार्धात यायचा होता. दोन्ही कानांना यंत्र लावा, असा सल्ला मिळाला. 'पाहू' या एका शब्दावर आम्ही चार महिने काढले.

आमच्याकडे गुरुवारी संध्याकाळी गाणे असते. बैठक वगैरे नव्हे. आमच्यापैकी एक पांढरी सहामध्ये गाते आणि दुसरा ऐकतो. त्याला तंबोरा मुका वाटू लागला होता. म्हणजे तारा वाजत, पण जवारीतून वर उठणारी ती झिलई त्याच्यापर्यंत पोचेनाशी झाली होती. अशातच भाच्याने जॅको पास्टोरियसचा १९७६ सालचा पहिला संग्रह लावला. बेस गिटारचे ते खालचे, घसरत जाणारे स्वर ऐकून आमचा श्रोता ताठ बसला. "हे मला सगळं ऐकू येतंय," तो म्हणाला. महाविद्यालयात असताना त्याने स्नेहसंमेलनापुरती गिटार वाजवली होती, त्या पुण्याईवर त्याने वाद्य मागितले. अट घातली गेली: घरात वाद्य येईल, पण त्याच्या आधी कानांत यंत्र आले पाहिजे. लाखाच्या घरातले यंत्र आणि अजून किंमत माहीत नसलेले वाद्य असा हा तह होता.

बेस गिटार घ्यायची तर कोणती, हा प्रश्न आम्हांला वाटला होता त्याहून खोल निघाला. लिओ फेंडरने १९५१ मध्ये आपल्या विजेच्या बेसचे नाव 'प्रिसिजन' म्हणजे अचूक असे ठेवले, ते पडद्यांमुळे. उभ्या डबल बेसवर बोट कुठे टेकवायचे हे कानानेच ठरवावे लागे. पडदे आले आणि वादक त्या धास्तीतून सुटला. गंमत अशी की दहाच वर्षांनी, १९६१ मध्ये, पुढे रोलिंग स्टोन्समध्ये गेलेल्या बिल वायमनने एका स्वस्त बेसचे पडदे उपटून टाकले. जॅकोने तेच करून फटी भरल्या आणि वर नावांना लावतात तो इपॉक्सीचा लेप दिला. ज्यापासून सुटका झाली होती तेच लोकांना पुन्हा हवे झाले.

आम्हांला बिनपडद्याची हवी होती त्याचे कारण घरात गात होते. गिटारचे पडदे सप्तकाचे बारा समान भाग करतात. त्या मापाने गंधार तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा अर्धस्वराच्या सुमारे सातव्या हिश्श्याने चढा पडतो. पेटीविषयीची जुनी तक्रार ती हीच, आणि आमच्या गायिकेने पेटी त्याच कारणाने घरात येऊ दिलेली नाही. (या बाबतीत ती कर्मठ आहे, असे आमच्यातल्या दुसऱ्याचे मत आहे, ते इथे नोंदवून ठेवतो.)

अकूस्टिक हवी होती ती विजेच्या पेटाऱ्याचा खटाटोप नको म्हणून, आणि पोकळ लाकूड पोटाला टेकले की कानाला वळसा घालूनही काही पोचते म्हणून. इथे मात्र पदार्थविज्ञान आडवे येते. बेसची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झला लागते. हवेत त्या तरंगाची लांबी आठ मीटरांहून अधिक भरते. आमच्या स्वयंपाकघरापासून पुढच्या दारापर्यंतही एवढे अंतर नाही. मांडीवर मावणाऱ्या खोक्याला एवढी हवा हलवणे जमत नाही. ऐकू येतात ते बहुतांशी त्या स्वराचे वरचे सहस्वर. मूळ स्वर मेंदू पदरचा घालतो. मेक्सिकोतल्या मारियाची मंडळींच्या गिटारॉनवरून स्फूर्ती घेऊन अर्नी बॉलने १९७२ मध्ये 'अर्थवुड' काढली, तिचे पोट म्हणूनच तेवढे मोठे होते. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक अकूस्टिक बेस त्या मानाने सडपातळ असतात. एका तंबोऱ्याच्या आणि एका आवाजाच्या सोबतीला त्या पुरतात. तबला आला की हरवतात.

पुण्या-मुंबईच्या चार दुकानांत बिनपडद्याची अकूस्टिक एकही नव्हती. एका दुकानदाराने तर आमच्या वयाकडे पाहून सतार घ्या, असे सुचवले. शेवटी परदेशी निघालेल्या पुण्यातल्या एका तरुणाकडून पडदे असलेली जुनी बेस साडेअठरा हजारांना घेतली. पडदे काढून घेऊ, असे ठरले. वाजवून पाहताना यंत्र कानांत होते, आणि तिथे एक अनपेक्षित गोष्ट कळली. पोलादी गुंडाळीच्या तारांवरून बोट सरकले की पाटीवर पेन्सिल ओढावी तशी किंकाळी निघे. यंत्र उंच स्वरच वाढवून देते; गेली कित्येक वर्षे न ऐकलेला कर्कशपणा त्याने व्याजासह परत केला. म्हणून तारा नायलॉनची पट्टी गुंडाळलेल्या, काळ्या, गुळगुळीत घेतल्या. पोलादी गुंडाळी पडदे नसलेल्या लाकडाला कानशीसारखी खाते, हेही त्यामागचे एक कारण.

पडदे काढायला आम्ही मिरजेला गेलो. तंतुवाद्ये घडवण्याची तिथली परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनची. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सतारमेकर गल्लीतल्या एका वयस्क कारागिरांकडे आमचा तंबोरा जवारी काढायला जात असतो. बरोबरचे धूड पाहून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"पडदे बसवायला येतात लोक. काढायला तुम्हीच पहिले."

सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, रागाप्रमाणे सरकवता येतात. गिटारचे पडदे लाकडात ठोकून बसवलेले. प्रत्येक पडदा तापलेल्या सळईने शेकून, पकडीने केसाकेसाने उचलावा लागतो. घाई केली की कडेच्या लाकडाचे टवके उडतात. दुपारपर्यंत बावीस पडदे वाटीत जमा झाले आणि दांडीवर बावीस फटी राहिल्या. मग त्यांनी विचारले, "पांढरं भरू का काळं?"

खरी निवड ही होती. फिकट लाकूड भरले तर पडद्यांच्या जागी पांढऱ्या रेघा दिसत राहतात; शिसवीच्या पट्टीत शिसवच भरली तर सगळे एकसारखे काळे, वादकाला फक्त दांडीच्या कडेवरचे ठिपके. आमच्यापैकी एकाला रेघा हव्या होत्या. कान साथ देईनासा झाला तरी डोळ्याला दिसेल, एवढेच त्याचे म्हणणे. दुसरीने कागद काढला. तारेची लांबी ३४ इंच. शुद्ध गंधारासाठी तिचे चार पंचमांश वाजले पाहिजेत. रेघेची जागा आणि ही जागा यांत साडेपाच मिलिमीटरांचे अंतर निघाले. "रेघ जिथे असेल तिथे माझा गंधार नाही," ती म्हणाली.

कारागीर आमच्याकडे आळीपाळीने पाहत होते. मग त्यांनी सरळच विचारले, "सरांचा कान कसा आहे?"

कानामागचे यंत्र त्यांना दिसत नव्हते, असे नाही. त्यांच्या दृष्टीने तो धंद्यातला प्रश्न होता. उत्तर कोणीच दिले नाही. जरा वेळाने गायिका, कागदाची घडी घालत, हलक्या आवाजात म्हणाली, "पांढरंच भरा." इतक्या हलक्या आवाजातले वाक्य एरवी त्याच्या कानावरून गेले असते, हे नेमके ऐकू आले. "काळं," तो म्हणाला. परतीच्या गाडीत आम्ही एकमेकांशी बोललो नाही. त्याला गणित पटले होते की दया झोंबली होती, हे आम्ही अजून ठरवलेले नाही.

आठ दिवसांनी वाद्य आणायला गेलो. पडदे गेले की तार पट्टीपासून उंच राहते, म्हणून त्यांनी दोन्ही टोकांचे आधार घासून तिला खाली आणले होते. त्यांनी तार छेडली, बोट सरकवले आणि स्वर शेवटी फुलल्यासारखा उघडला. पाश्चात्त्य वादक याला नुसते 'म्वाऽ' म्हणतात. कारागिरांनी मान डोलावली. "ही तर जवारी." आणि होतीच. तंबोऱ्याची तार घोडीच्या रुंद उतारावर निसटती टेकत राहते, तशी इथे ती लाकडी पट्टीला घासत होती. मात्र ही जवारी चार मजले खाली होती. त्या दिवशी यंत्र काढून ठेवले तरी ती ऐकू येत होती, हे आम्ही गल्लीतच उभे राहून दोनदा तपासले.

गायिकेचा षड्ज पांढरी सहा, आणि बेसची दुसरी जाड तार नेमकी त्याच्या दोन सप्तके खालचा षड्ज. जाड तारेवर पंचम, पुढे मध्यम आणि कोमल निषाद. मोकळ्या चार तारांवर एवढे घर बसल्या जागी मिळते. बाकीचे शोधावे लागते. दोन मिलिमीटर चुकले तर वरच्या टोकाला फारसे कळत नाही, तारेच्या मध्यावर लगेच कळते, कारण तिथे तेच अंतर दुप्पट बोलते. यंत्र कधीकधी लांबलेल्या स्वराला शिट्टी समजून दाबून टाकते. त्यासाठी गाण्याची वेगळी जुळणी करून घ्यावी लागली. चढा लागला तर गायिका तान न थांबवता तळवा खाली करते, उतरल्यास वर. तोंडाने सांगण्याची पद्धत पहिल्याच गुरुवारी बंद झाली, कारण "चढा" म्हटल्यावर पलीकडून "काय?" असा प्रश्न आला आणि दोघेही चिडले.

आता आठ महिने झाले. गंधार बहुतेक संध्याकाळी जागेवर सापडतो, कोमल ऋषभ अजून नाही. पावसाळ्यात फटींत भरलेली शिसव किंचित फुगली. दिसत काहीच नाही, पण बोटाला त्या बावीसही जागा पुसटशा लागतात. कारागीर म्हणतात, दिवाळीनंतर घेऊन या, घासून देतो. घासून घ्यायची की राहू द्यायची, यावर आमचे एकमत व्हायचे आहे.