औंढ्याची सांध

माघात नातवासह आम्ही औंढा नागनाथास गेलो. मंदिराच्या भिंती काळ्या पाषाणाच्या, त्यांवर हत्तींची व देवदेवतांची शिल्पे. शिखर मात्र पांढरे. खालचे काम यादवकालीन. वरचे औरंगजेबाच्या फौजेने पाडले व अहिल्याबाई होळकरांनी पुनश्च उभारले, अशी परंपरा. दोहोंची सांध नुसत्या डोळ्यांस दिसते. ती पाहून याही वयात आमचे रक्त तापले, हे लपवून काय उपयोग?

प्राकारात टेकलो, तो १९४८ साल मनात आले. हा मुलूख तेव्हा निजामाचा. रझाकारांचे अत्याचार आम्ही वर्गात मोठ्या आवेशाने शिकविले. परंतु १७ सप्टेंबरच्या आगेमागे याच मराठवाड्यात निरपराध मुसलमानही मारले गेले. पंडित सुंदरलाल समितीने संस्थानातील मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. तो अहवाल कित्येक दशके दडून राहिला. आणि कळल्यावरही आम्ही तो विषय मुलांपुढे काढला नाही. १९१५ साली लक्षावधी आर्मेनियन लोकांचा संहार झाला. तुर्कस्तानचे सरकार त्यास वंशसंहार म्हणावयास अद्यापि तयार नाही, हे वाचून मात्र आम्ही तुर्कांवर चडफडलो होतो!

गाभारा जमिनीखाली, वाट अरुंद. गुडघे धरीत, वाकून उतरलो. दर्शन घेऊन वर येताच नातवाने विचारले, “आजोबा, हे कोणी पाडले?” परंपरा काय म्हणते ते सांगितले. मग हिंगोलीच्या रस्त्यास लागल्यावर १९४८ ची हकीकतही सांगावयास घेतली. रझाकारांची, आणि नंतरचीही.