पुलाच्या चढावर

ठाकुर्लीच्या उड्डाणपुलाचा चढ तसा मोठा नाही. पण गेल्या मे महिन्यात आमची प्रीमियर पद्मिनी त्या चढावर चार वेळा बंद पडली. नव्वद फुटी रस्त्यावर ती मुकाट चालायची. पूल लागला आणि अॅक्सिलरेटर जरा जास्त दाबला की आधी पिकअप जायचा, मग दोन-तीन झटके, आणि इंजिन गप्प. मागे रिक्षांची रांग, शेजारच्या सीटवर ऐंशी ओलांडलेले बाबा. दहा मिनिटं थांबलं की काहीच झालं नसल्यासारखी गाडी पुन्हा चालू.

बाबांची सगळी नोकरी प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात गेली. सकाळी ठाकुर्लीला लोकलमध्ये शिरायचं, दिवसभर गाड्या जोडायच्या, रात्री लोकलनेच परत. १९९५ साली आमच्या दारात पद्मिनी आली तेव्हा त्यांनी तिचं बॉनेट उघडून आईला एकेक भाग नावानिशी दाखवला होता. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगपाशी गिअरचा दांडा. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी कायमची गेली, त्या दिवशी ते टीव्हीसमोर बसून होते आणि जेवायला उठले नाहीत. म्हणून ही गाडी भंगारात काढायचा विषय मी घरात कधीच काढू दिला नाही.

पहिल्यांदा बंद पडली तेव्हा मी ती एका गॅरेजात नेली. तिथे प्लग बदलले, पॉइंट आणि कंडेन्सर नवे घातले, कार्बोरेटर उघडून जेट साफ केले, सगळं एकाच दिवशी. दुसऱ्या दिवशी गाडी छान चालली, तिसऱ्या दिवशी पुलावर पुन्हा तेच. बिलाचा राग मला फारसा आला नाही. एवढं सगळं एकदम बदलल्यावर नेमकं काय बिघडलं होतं आणि काय ठणठणीत होतं, हे कळायची वाटच बंद झाली, याचं वाईट वाटलं.

बाबांचं निदान वेगळं होतं. ‘पेट्रोलची वाफ होतेय,’ ते म्हणाले. उन्हाळ्यात फ्युएल पंप तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि द्रव ओढणाऱ्या पंपाला वाफ ढकलता येत नाही. जुने टॅक्सीवाले त्यावर ओलं फडकं गुंडाळायचे. आम्हीही गुंडाळलं. गाडी चालू झाली आणि बाबांचा चेहरा उजळला. पण पुढच्या रविवारी, पावसाचं मळभ असताना, हवा गार असताना, ती त्याच जागी थांबली. फडक्याने काहीच केलं नव्हतं. ते भिजवून आणण्यात जी दहा मिनिटं गेली, त्यांनी केलं होतं.

मग चोळेगावातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. म्हणाले, ‘ताई, आत्ता ती बरी आहे. आत्ता तपासून काय सापडणार? बंद पडेल तिथे मला घेऊन चला.’

भर दुपारी आम्ही तिघं निघालो. पुलावर गाडी थांबली तसे ते उतरले. कॉइलची वायर बॉडीजवळ धरून मला स्टार्टर मारायला लावला. निळी, जाड ठिणगी. ‘करंट आहे.’ मग वायर बाजूला बांधून कार्बोरेटरकडे जाणारी नळी काढली, बाटलीत सोडली, पुन्हा स्टार्टर. पेट्रोल यायला हवं होतं पिचकारीसारखं. आलं ते थेंब थेंब. टाकीचं झाकण उघडलं, हवा आत ओढली गेल्याचा आवाज नाही, म्हणजे झाकणाचं भोक बुजलेलं नव्हतं. पाच मिनिटांत अर्धी गाडी संशयातून सुटली होती.

गॅरेजवर परतल्यावर त्यांनी छोट्या कॅनमधून थेट पंपाला पेट्रोल दिलं आणि पुलावर फेरी मारून आले. आम्हा दोघांना त्या फेरीत बसू दिलं नाही. गाडी एकदाही अडखळली नाही. म्हणजे पंप चांगला होता, दोष त्याच्या मागे, टाकीकडच्या वाटेवर.

टाकीतून निघून लोखंडी पाइपला जोडणारा वीतभर रबरी होज त्यांनी काढला. बाहेरून भेग नाही, गळती नाही. ब्लेडने उभा चिरला तेव्हा दिसलं: आतला थर फुगून सुटला होता आणि त्याची एक पाकळी मोकळी लोंबत होती. सपाटीवर इंजिनाला थोडंच पेट्रोल लागतं, तेवढं तिच्या कडेने जायचं. चढावर पंप जोराने ओढायला लागला की पाकळीच ओढली जाऊन वाट बंद करायची. ओढ थांबली की ती हळूहळू परत पडायची. ती दहा मिनिटं म्हणजे हीच.

मिस्त्रींचा संशय पेट्रोलमधल्या इथेनॉलवर होता; आता ते वीस टक्क्यांपर्यंत मिसळतात, आणि तीस वर्षांपूर्वीचं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं. मलाही ते पटतं. त्या दिवशी टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी तुकडे बदलले, इथेनॉल सोसणारे बघून घेतले.

बाबा चिरलेला होज हातात घेऊन बराच वेळ बोटाने ती पाकळी वरखाली करत होते. ‘मी पंपाच्या मागे पाहिलंच नाही,’ एवढंच म्हणाले. संध्याकाळी आम्ही पूल ओलांडून पश्चिमेला गेलो आणि परत आलो. घरी आल्यावर त्यांनी डिकीच्या झाकणाला आतून कागदाची पट्टी चिकटवली आणि त्यांच्या कारखान्यातल्या रेखीव अक्षरात लिहिलं: होज नवे, मे. पुन्हा बदलणे, दोन वर्षांनी.