सातबारा, फेरफार आणि डीबीए

नोकरी लागल्यापासून "डीबीए म्हणजे नेमकं काय रे?" हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारून झालाय. पुण्यातल्या मित्रांना 'डेटाबेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' एवढं सांगितलं की पुरतं. माळशिरसला सुट्टीला गेलो की मात्र आमचे आण्णा विचारतात, "म्हंजी कॉम्प्युटर दुरुस्ती का?" शेवटी मी सांगून टाकलं, "आण्णा, मी तलाठी आहे. फक्त जमिनीऐवजी कंपनीच्या माहितीचा." त्यांना ते एकदम पटलं. आणि मित्रांनो, विचार केला तर हे उत्तर खरोखरच बरोबर आहे.

डीबीएमएसच्या व्हायवाला आपण 'ट्रान्झॅक्शन' आणि 'लॉग'च्या व्याख्या पाठ करतो. माझ्याही पाठ होत्या, पण समजल्या त्या नोकरीत, आणि त्याही सातबाऱ्यामुळे. गावात जमिनीची विक्री झाली किंवा वारस लावायचे असले तर तलाठी भाऊसाहेब थेट सातबाऱ्यावर खाडाखोड करत नाहीत. आधी गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद धरतात. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला मुदत मिळते. मंडल अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली की ती सातबाऱ्यावर येते. हे झालं 'कमिट'. नामंजूर झाली तर सातबारा होता तसाच राहतो, म्हणजे 'रोलबॅक'. जुनं नाव खोडत नाहीत, त्याला कंस करतात आणि फेरफार क्रमांक लिहितात. ओरॅकल काय, पोस्टग्रेस काय, सगळे हेच करतात. बदल आधी लॉगमध्ये, मग सावकाश मूळ फाईलमध्ये. मध्येच लाईट गेली तरी लॉग वाचून सगळं पुन्हा उभं करता येतं.

इंडेक्सचंही तसंच. सातबारा गटवार असतो. एका माणसाची गावात एकूण जमीन किती हे काढायला सगळे सातबारे चाळत बसायचं का? म्हणून आठ-अ आहे, खातेदारानुसार. पण प्रत्येक फेरफाराबरोबर आठ-अ सुद्धा बदलावा लागतो. म्हणूनच "क्वेरी स्लो आहे, टाक अजून एक इंडेक्स" म्हणणाऱ्या डेव्हलपरला आम्ही आधी चहा पाजतो आणि मग नाही म्हणतो.

आणि डेडलॉक? ऊस हंगामात कालव्याकडेच्या अरुंद रस्त्यावर समोरासमोर आलेले, दोन-दोन ट्रेलरवाले दोन ट्रॅक्टर आठवा. दोघांनी आपापला अर्धा रस्ता धरलाय, दोघांना समोरचा अर्धा हवाय, आणि मागं कुणीच घेत नाही. डेटाबेस अशा वेळी एकाला निवडून सरळ मागे पाठवतो. आपल्याकडे त्यासाठी आधी अर्धा तास भांडण होतं, एवढाच फरक!

बाकी रोजचं काम फार फिल्मी नाही. सकाळी आल्यावर रात्रीचे बॅकअप बघायचे, डिस्कवर जागा किती उरली ते बघायचं, एरर लॉग वाचायचा, कुणाला कसली परवानगी द्यायची ते तपासायचं. काम नीट चाललं तर तुम्ही ऑफिसात आहात हे कुणाच्या लक्षातही येत नाही. बिघडलं की रात्री तीनला फोन.

या धंद्यातला सर्वांत मोठा धडा बॅकअपचा. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत एक इंजिनिअर रात्री उशिरा दुय्यम सर्व्हरवरचा डेटा काढायला गेला आणि कमांड दिली मुख्य सर्व्हरवर. लक्षात आल्यावर त्याने लगेच थांबवलं, पण सुमारे ३०० जीबीमधले जेमतेम ४.५ जीबी उरले होते. बॅकअप घ्यायच्या एक-दोन नव्हे, अनेक पद्धती होत्या, पण ऐन वेळी त्या कामाला आल्या नाहीत. रोजचा बॅकअप व्हर्जन न जुळल्याने फेल होत होता, आणि 'फेल झालो' सांगणाऱ्या ई-मेल नाकारल्या जात असल्याने कुणापर्यंत पोचतच नव्हत्या. तारलं ते सुमारे सहा तास आधी, दुसऱ्याच कामासाठी घेतलेल्या एका कॉपीने. तेवढ्या तासांचा डेटा गेलाच. कंपनीने हे सगळं न लपवता जगासमोर मांडलं, म्हणून आज आपल्याला शिकता येतं. माझे सिनियर म्हणायचे, "बॅकअप घेतला असं सांगू नकोस. रिस्टोअर करून पाहिला का, ते सांग." तेव्हापासून दर महिन्याला एक बॅकअप वेगळ्या मशिनवर चढवून पाहणं हा माझा नेम आहे.

दुसरा धडा पुस्तकात नाही. आमच्या एका नातेवाइकांच्या सातबाऱ्यावर संगणकीकरणात नावातलं एक अक्षर बदललं. एकच अक्षर! सोसायटीत पीककर्जाला गेले तर "हे नाव तुमचं नाही." पेरणी तोंडावर, आणि हे कागद घेऊन हेलपाटे घालतायत. दुरुस्तीची तरतूद कायद्यात आहे, महसूल संहितेचं कलम १५५, पण त्याला वेळ लागतो. तोवर बियाणं उसनवारीवर. डेटाबेसच्या दृष्टीने त्या ओळीत काहीच चूक नव्हती. डेटाटाईप बरोबर, लांबी बरोबर, प्रायमरी की बरोबर. फक्त माणूस चुकीचा.

२०१७ साली राज्यात सातबाऱ्यांचं चावडी वाचन झालं. गावकऱ्यांसमोर नोंदी मोठ्याने वाचायच्या आणि चूक असेल तर सांगायची. मला वाटतं, आमच्या क्षेत्रातल्या कुठल्याही टूलपेक्षा हे जास्त शहाणपणाचं आहे. माहिती ज्याची आहे त्याला ती दाखवल्याशिवाय ती खरी आहे की नाही हे कळत नाही. कॉड साहेबांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल मांडलं आणि टेबलं कशी जोडायची ते जगाला शिकवलं. पण ओळीत काय भरायचं ही जबाबदारी अजून आपलीच आहे.

तेव्हा दोस्तांनो, एसक्यूएल नीट शिका, डिलीट लिहिताना आधी 'व्हेअर' लिहा, आणि ज्यांची माहिती सांभाळता त्यांच्याशी अधूनमधून बोला. फायनल इयरवाल्यांनी प्रोजेक्टचा बॅकअप घेतला नसेल तर हा अंक बाजूला ठेवून आधी तो घ्या. घेतल्यावर रूममेटच्या मशिनवर उघडतोय का, तेही बघा.