कुंपणाच्या आतलं, कुंपणाच्या बाहेरचं

मंडळी, या वीकांताला सॉफ्टवेअर नाही. आपली डिग्री मेकॅनिकलची आहे हे मीच विसरत चाललोय, म्हणून आज पाइप.

२०१९ ला पास झालो आणि सुमारे दीड वर्षं एका कन्सल्टन्सीत पाइपिंगला होतो. काम गॅसच्या पाइपलाइनचं. माझ्या वाट्याला आली ती जागा जिथे शेतांतून आलेली लाइन स्टेशनाच्या कुंपणात शिरते. बाहेर एएसएमई बी३१.८, आत बी३१.३. पाइप एकच, गॅस तोच, दाबही तोच. पण कोड बदलला की सगळा हिशेबच बदलतो.

आकडेच बघा ना. २४ इंची पाइप, दाब ९० बार, पोलाद एपीआय ५एल एक्स७०. मोकळ्या रानात बी३१.८ यील्डच्या ७२ टक्के ताण चालवून घेतो, म्हणजे जाडी साधारण ७.९ मिमी. तेच पोलाद बी३१.३ मध्ये नेलं की तो टेन्साइलच्या एक तृतीयांशावर अडतो. जाडी १४.२! रानात हा चोखंदळपणा परवडत नाही, किलोमीटरमागे नव्वद टन पोलाद जास्त लागेल. स्टेशनात मात्र बेंड, व्हॉल्व्ह, थरथर आणि मुख्य म्हणजे माणसं. तिथे परवडतो. आणि महागडं एक्स७० आत नेऊन त्याची निम्मी ताकद नुसतीच पडून राहते, म्हणून आत बहुतेकदा साधं ए१०६ ग्रेड बी वापरतात. त्याची जाडी १९.४ (गंजाची आणि मिलच्या टॉलरन्सची भर वेगळी).

मी दोन्ही बाजूंचे हिशेब तीन-तीनदा तपासले होते. दोन्ही बरोबर. ड्रॉइंगवर मधे एक रेघ मारली, स्पेक ब्रेक लिहिलं आणि चहाला गेलो.

परत आलो तर सर माझ्या खुर्चीत. त्यांनी एकच विचारलं, "हा वेल्ड कोण करणार रे?"

७.९ ला १९.४ थेट जोडलं होतं मी. दोन पोलादांची ताकद वेगळी असेल तर जाड बाजू पातळ बाजूच्या दीडपटीपर्यंतच मोजता येते, म्हणजे ग्रेड बी तिथे पुरतच नाही. मधे एक ट्रांझिशन पीस लागतो, मधल्या ग्रेडचा, मधल्या जाडीचा. तो कुठल्याच यादीत नव्हता, कारण तो ना पाइपलाइनवाल्यांचा, ना स्टेशनवाल्यांचा. ड्रॉइंग दुसऱ्या दिवशी साइटला जाणार होतं आणि सही सरांची असणार होती.

सर ओरडले नाहीत. रात्री नऊपर्यंत बसून आम्ही दुरुस्त केलं. माझ्या बॅगेत तेव्हा आयटीचं ऑफर लेटर होतं. आठवड्याने राजीनामा दिला.

पगारासाठी सोडलं, असं आई अजून सगळ्यांना सांगते. मीही मान डोलावतो. पगार दुप्पट होता हे खरंच आहे. पण त्या रात्री घरी जाताना एवढंच डोक्यात होतं की इथली चूक रोलबॅक करता येत नाही. घाबरलो होतो, सरळ सांगायचं तर.

असो. मागच्या महिन्यात सरांचा फोन आला. नवीन ट्रेनी आलाय म्हणे, आणि "तुझी ती जाडीची एक्सेल शीट आहे का रे अजून?"

होती. पाठवण्याआधी तिच्यात एक कॉलम वाढवला, दोन्ही बाजूंच्या जाडीच्या गुणोत्तराचा. दीडच्या वर गेला की लाल होतो.