दुसरे शील

स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणी लिहा, असा निरोप आला. आठवणी पुष्कळ आहेत. पण मी लिहिणार आहे ती गोष्ट शाळेपासून फार दूर, टास्मानियाच्या एका निर्जन किनाऱ्यावर घडली. तिचा आरंभ मात्र आपल्या विहारातला आहे.

पहाटेची घंटा झाली की अंगावरची चादर तशीच लपेटून आम्ही विहारात जाऊन बसत असू आणि अर्धवट झोपेत त्रिसरण-पंचशील म्हणत असू. दुसऱ्या शीलाचा अर्थ गुरुजींनी पाचवीतच सांगितला होता: जे दिलेले नाही ते घ्यायचे नाही. दुसऱ्याच्या पेटीतले खोबरेल तेल आणि कोठीतला गूळ, एवढ्यापुरता तो आम्हाला समजला होता.

मी गेली अनेक वर्षे मेलबर्नला राहतो. तिथे सभेच्या आरंभी त्या भूमीच्या मूळ रहिवाशांचे स्मरण करण्याची रीत आहे. कचेरीत ते चार शब्द मीही कितीदा म्हटले असतील. पहाटेच्या पंचशीलासारखेच, अर्धवट झोपेत.

दोन वर्षांपूर्वी पत्नीसह चार दिवसांच्या एका पदयात्रेला गेलो. टास्मानिया बेटाच्या ईशान्य टोकाला, वुकालिना या टेकडीपासून लारापुनाच्या किनाऱ्यापर्यंतची ही वाट. इंग्रजी नकाशात टेकडीचे नाव माउंट विल्यम आणि किनाऱ्याचे बे ऑफ फायर्स, म्हणजे विस्तवांचा उपसागर. 1773 साली टोबायस फर्नो या इंग्रज कप्तानाला जहाजावरून किनाऱ्यावर जागोजाग विस्तव दिसले, म्हणून हे नाव पडले. विस्तव होते, म्हणजे माणसे होती. त्या माणसांचे वंशज स्वतःला पलावा म्हणवतात. 2018 पासून ही पदयात्रा तेच चालवतात आणि वाटाडेही त्यांच्यातलेच असतात.

आमचा वाटाड्या पंचविशीतला तरुण होता. वुकालिनाची उंची 216 मीटर. चढ फारसा नाही. माथ्यावर त्याने उत्तरेच्या समुद्रातली बेटे दाखवली. सील प्राण्यांची शिकार करणाऱ्या गोऱ्यांनी त्याच्या पूर्वज स्त्रियांना या किनाऱ्यावरून त्या बेटांवर नेले होते. पुढे 1830 च्या दशकात सरकारने उरलेल्या लोकांना फ्लिंडर्स बेटावर हलवले आणि तिथे बहुतेक जण आजाराने मेले. 1876 मध्ये ट्रुगानिनी ही स्त्री वारली, तेव्हा ही जमात संपली असे जाहीर झाले. "शाळेत माझ्या आजीला शिकवले, की तुमचे लोक आता उरलेले नाहीत," तो म्हणाला, "आणि ती बाकावर बसून ऐकत होती." त्यांच्या मोडलेल्या बोलींचे तुकडे जुळवून आता पलावा कानी ही भाषा पुन्हा उभी राहिली आहे. रोमन लिपीत लिहिताना ते तिच्यात मोठे अक्षर कुठेच वापरत नाहीत, नावाच्या आरंभीसुद्धा नाही. आपल्या देवनागरीसारखेच सगळे अक्षर एका उंचीचे.

मुक्काम क्राकानी लुमी येथे होता. अर्थ, विसाव्याची जागा. दुसऱ्या दिवशी त्याने वाळूच्या उंचवट्यात शिंपल्यांचे थरावर थर दाखवले. शेकडो पिढ्यांच्या जेवणावळींचा तो ढीग. "हे आमचे स्वयंपाकघर आणि आमचे दप्तरही," तो म्हणाला. "इथले काही उचलू नका." त्याने हे सांगण्याआधीच पायथ्याशी पडलेला एक शिंपला मी मुलीसाठी खिशात टाकला होता. मी गप्प बसलो.

रात्री झोप लागली नाही. शिंपला तो केवढा! पण मन त्याच्याशी थांबेना. लुटले गेलेल्यांच्या बाजूने मी लहानपणापासून उभा होतो. महाडचे तळे आमचेही होते आणि 1927 मध्ये बाबासाहेबांनी त्याचे पाणी ओंजळीत घेईपर्यंत ते आम्हाला बंद होते, हे मी याच शाळेत शिकलो. आपल्याकडून काय काय घेतले गेले याची यादी मला तोंडपाठ आहे. पण मेलबर्नचे माझे घर ज्या जमिनीवर उभे आहे, ती कोणी कोणाला दिली होती? मी ती रीतसर पैसे मोजून घेतली. ज्याच्याकडून घेतली त्यानेही तशीच. त्या साखळीच्या पहिल्या कडीशी मात्र दिलेले असे काही नव्हते. आपण दुसऱ्या बाजूलाही उभे असू शकतो, हे त्या रात्री मला पहिल्यांदा दिसले.

सकाळी त्याला खरे सांगितले. तो रागावला नाही. "चला, जिथला आहे तिथे ठेवून येऊ," एवढेच म्हणाला. ठेवताना मी मनात दुसरे शील म्हटले. झोपेत नव्हे.

त्या दिवशी किनाऱ्याने दूरवर चाललो. पांढरी वाळू, नारिंगी दगडफुलाने माखलेले ग्रॅनाइटचे खडक आणि शेवटी 1889 सालचे दीपगृह. बराच वेळ कोणी बोलत नव्हते. भन्तेजी विहाराच्या अंगणात चंक्रमण करायला लावत. एकेक पाऊल जाणीवपूर्वक टाका म्हणत. तेव्हा आम्ही हसत असू. त्या वाळूवर मी ते प्रथमच मनापासून केले.

शिंपला परत देता आला. घर देता येत नाही. हिशेब मिटला असे मी म्हणणार नाही. सभेत ते चार शब्द आता मात्र मी सावकाश म्हणतो. घरी आल्यावर मुलीने विचारले, "बाबा, माझ्यासाठी काय आणलंत?" तिला ही सारी गोष्ट सांगितली.

गुरुजी आज नाहीत. विहारात आजही मुले पेंगत पंचशील म्हणत असतील. त्यांना रागावू नये, एवढीच विनंती. म्हणत राहिलेले केव्हातरी समजते.